दुधाचं खातं

निवृत्त होऊन सव्वादोन वर्षं झाली. पहिल्या सहा महिन्यांत लोकांनी दिलेले सल्ले आवक रजिस्टरला चढवले असते तर नवीन रजिस्टर उघडावं लागलं असतं. छंद जोपासा. फिरून या. आता स्वतःसाठी जगा. उगवत्या सूर्याच्या चित्रावर 'आनंद तुमच्या आतच आहे' असं लिहून पाठवणारे आमच्या ग्रुपवर अकरा जण आहेत. त्यातले चौघं रोज तेच चित्र पाठवतात.

मी सगळं करून बघितलं. पेटीचा क्लास लावला. तीन महिन्यांत भूपाच्या सरगमपर्यंत पोचलो, पुढे आधी कंटाळा मला आला की मास्तरांना, ते आता नीट आठवत नाही. ती पेटी इस्त्रीचे कपडे ठेवायला बरी पडते. केरळला जाऊन आलो. आठ दिवस छान गेले, नववा दिवस साताऱ्यातच उगवला. अजिंक्यतारा रोज सकाळी चढतो, तो काही सोडणार नाही. पण गडावरून उतरून घरी आलो की साडेसात वाजलेले असतात आणि अख्खा दिवस समोर आडवा पडलेला असतो. पेपर मी निविदा सूचनांसकट वाचायला लागलो होतो. ज्या सूचना टाइप करून घेता घेता कचेरीत ३४ वर्षं गेली, त्याच आता चहाबरोबर.

सौ. शिक्षिका आहे, तिची नोकरी अजून चार वर्षं बाकी. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात एका सकाळी गॅसवर दूध, हातात डबा आणि दारात रिक्षा अशा अवस्थेत ती म्हणाली, "अहो, आजपासून दुधाचं खातं तुमच्याकडे. मी बघणार नाही." चार्ज रिपोर्ट नाही, शिल्लक मालाची यादी नाही. इतका बेशिस्त पदभार मी उभ्या नोकरीत स्वीकारला नव्हता.

रोज दीड लिटर म्हशीचं दूध, रतिबाचं. ते उतू न घालवता तापवायचं. गार झालं की साय काढून डब्यात. रात्री दही लावायचं. डबा भरला की सायीला विरजण, मग घुसळण, ताक, लोणी, आणि लोणी कढवून तूप. एवढंच तर काम. एवढ्याशासाठी ही बाई तीस वर्षं घाईत का असायची, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

पहिल्या रात्री मी कढत दुधात विरजण घातलं. सकाळी पातेल्यात दही नव्हतं आणि दूधही राहिलं नव्हतं.

मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. तिला फोन केला तर म्हणाली, "बाबा, मारलंत तुम्ही त्यांना." मग तिने समजावलं. विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. ते दुधातली साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. आंबटपणा एका ठरावीक पातळीला पोचला, म्हणजे तिच्या भाषेत पीएच ४.६ च्या आसपास आला, की केसीन नावाचं दुधातलं प्रथिन एकमेकांना धरतं आणि दूध थिजतं. कोमट दुधात या मंडळींचं छान चालतं, कढत दुधात ती मरतात. दह्यातला एक जिवाणू १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन माणसाने शोधला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात बल्गेरिया आहे, हेही तिने सांगितलं. त्याच्या भाईबंदांना आमच्या आज्यांनी नावगाव न विचारताच कितीतरी पिढ्या पोसलं होतं, तो भाग वेगळा. थर्मामीटर आणू का विचारलं तर हसली. करंगळी बुडवायची आणि दहापर्यंत आकडे मोजायचे. मोजता आले की घाला विरजण.

करंगळीवर बसलं. मग ऋतू आडवे आले. डिसेंबरात साताऱ्याच्या थंडीत सकाळचे दहा वाजले तरी पातेल्यात नुसतं हलणारं दूध. पातेलं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायचं, ही युक्ती सौ.ने पाचव्या दिवशी सांगितली. चार दिवस मुद्दाम गप्प बसली होती. उलट मे महिन्यात रात्री दहाला लावलेलं दही पहाटे पाचला असं आंबट की डोळे मिटावेत. तिथे विरजण थेंबभरच घालायचं आणि लागलं रे लागलं की फ्रिजमध्ये. आमच्या वयात पहाटे साडेतीनला उठावं लागतंच. पूर्वी परत येऊन आढ्याकडे बघत पडायचो. आता येता येता स्वयंपाकघरात जातो, पातेलं हळूच कलतं करून बघतो. कडा सुटली असेल तर ते एकसंध हलतं, आणि मला पुन्हा झोप लागते. याचं कारण मला डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

रविवार तुपाचा. साधारण सहा दिवसांत सायीचा डबा भरतो. मधे गवळी गावाला गेला होता तेव्हा दहा दिवस पिशवीचं दूध घेतलं आणि त्याला साय म्हणून धरेना. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं होतं. त्यात स्निग्धाचे गोळे दाबाखाली इतके बारीक फोडतात की ते वर तरंगून येतच नाहीत. चहाला झकास, पण माझं खातं बंद पडलं. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश, त्यातला निम्मा जरी सायीत आला तरी हाताला काहीतरी लागतं.

सौ. मिक्सरवर लोणी काढायची, तिला वेळ कुठला. मी माळ्यावरून आईची लाकडी रवी काढली. सायीच्या दह्यात गार पाणी घालून घुसळायला बसलं की पहिली दहा-बारा मिनिटं काहीही होत नाही. हात भरून येतो, आणि आपण उगाच नाटक करतोय असं वाटायला लागतं. मग आवाज बदलतो. आधी जाड, घोगरा असतो, तो एकदम पातळ, पाणचट होतो. आई दुसऱ्या खोलीतून सांगायची, "आलं बघ लोणी." मला वाटायचं तिला दिसतं. तिला ऐकू यायचं. स्निग्धाच्या गोळ्यांवरचं पातळ आवरण घुसळून फाटतं आणि ते एकमेकांना चिकटतात, असं आहे ते. पाणी कोमट असेल तर लोणी पातळ तेलकट होतं, बर्फगार असेल तर जमायला तयार होत नाही. दोन पाण्यांनी धुतलं की पांढराशुभ्र गोळा.

तूपही कानानेच कळतं. लोण्यात १५-२० टक्के पाणी असतं, ते उडेपर्यंत पातेल्यात तडतड चालते. ती हळूहळू थांबते, वर बारीक फेस येतो आणि तळाची बेरी बदामी होते. तिथे अर्धा मिनिट इकडे-तिकडे झालं की संपलं. मी दोनदा करपवलंय. गॅस बंद करून विड्याचं पान टाकायचं, हलवायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं, तरच रवाळ होतं. कारकुनी हाडाची सवय, त्यामुळे वही ठेवली आहे. तारीख, तुपाचं वजन, शेरा. सरासरी आठवड्याला २८० ग्रॅम. सगळ्यात कमी १४०, त्यापुढे शेरा आहे, 'फोनवर बोलत होतो.'

आता माझं मत. पटलं नाही तर खाली लिहा, भांडायला वेळ आहे.

छंदाची गोची अशी की आज नाही केला तरी काही बिघडत नाही. पेटी आठ दिवस उघडली नाही तर पेटी नासत नाही. निवृत्तीनंतर मला जे बोचत होतं ते रिकामा वेळ नव्हतंच. मी दहापर्यंत लोळत पडलो तरी जगात कुणाचं काही अडणार नाही, हे ते बोचणं होतं. कचेरीत माझ्या सहीवाचून कुणाचं तरी बिल अडायचं. (अडवायचो असं नाही हो, अडायचं.) त्या अडण्याला वैतागून मी निवृत्तीचे दिवस मोजले होते. आता रात्री साडेनऊला कुणाच्या लग्नात जेवत असलो तरी डोक्यात असतं की दूध कोमट झालं असेल, निघायला हवं. लोक म्हणतात, कशाला जीव अडकवून घेता? मला तेच हवं होतं. फार नाही, पातेलंभर अडकून राहायला हवं होतं.

आणि हे एका दिवसात होत नाही. तूप खाल्लं की लगेच रूप येत नाही, तसं. पहिले दोन महिने मला या कामात काडीचा आनंद झाला नाही. सूर्याच्या चित्रावर हे कधी लिहिलेलं नसतं.

इथवर लिहून झालं होतं तेव्हा सौ.ने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "तीस वर्षं मी हेच केलं. तेव्हा कुणाला साक्षात्कार झाला नाही तो?"

बरोबर आहे. ती नोकरी करत होती, पाचला उठत होती, मूल लहान होतं. एका मे महिन्यात दही आंबट झालं आणि नेमके पाहुणे जेवायला आले. त्या दह्याचा विषय आईने दिवाळीपर्यंत पुरवला. मी त्या वेळी काय करत होतो? जेवत होतो. आज मी दूध नासवलं तर मुलगी ग्रुपवर हसण्याची चित्रं टाकते आणि विषय संपतो. उद्या कंटाळून मी खातं परत केलं तर सौ. फार तर टोमणा मारेल. तिने तेव्हा परत केलं असतं तर? मला तर असं काही खातं आहे हेच माहीत नव्हतं. आईचीही गत वेगळी नव्हती. तिच्या लग्नानंतरच्या घरात दोन म्हशी होत्या, ती म्हणायची, "रवी हातात घेतली की झोप यायची, आणि झोपले तर ओरडा बसायचा." मी ज्या रवीच्या आवाजाचं एवढं कौतुक वर लिहिलंय, ती तीच रवी.

तेव्हा रोजच्या साध्या कामांत सुख शोधा असं कुणी सांगायला लागलं, मी धरून, तर आधी विचारावं की काम सोडून द्यायची मुभा तुम्हाला होती का. मला आहे. म्हणून मला ते गोड लागतं. सौ. म्हणाली, "हे ठेवा, बाकीचं खोडलं तरी चालेल." बाकीचं खोडलेलं नाही.

आता ताकाचं. रविवारी दीड-दोन लिटर ताक निघतं, दोन माणसं किती पिणार? आमच्या गावी, कोरेगाव तालुक्यात, ताक कुणी विकत नसे. ज्याच्या घरी दुभतं त्याने द्यायचं आणि ज्याच्याकडे नाही त्याने मागायचं. मागणाऱ्याला तरी लाज वाटायचीच, भांडं पदराआड असायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणं हे आपण हसत बोलतो, पण मी ते लपवलेलं भांडं बघितलेलं आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची तीन पोरं भाड्याने राहतात. त्यांना एकदा जिन्यात विचारलं, ताक पिता का? तेव्हापासून रविवारी साडेदहाला मेसेज येतो, 'काका, झालं का?' आणि मागोमाग शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घेऊन एक जण दारात. लपवणं वगैरे काही नाही. आपण केलेल्या वस्तूची कुणीतरी इतकी निर्लज्जपणे वाट बघतं, हे सुख मला नोकरीत एकदाही मिळालं नव्हतं.

गेल्या महिन्यात मुलीकडे पुण्याला आठ दिवस राहिलो. परत आलो तर फ्रिज बंद पडलेला आणि विरजणावर हिरवी बुरशी. आमच्या घरातलं विरजण आईच्या वेळचं, असं आम्ही मानतो. मधे किती वेळा मोडलं आणि शेजारून आणलं, ते आई सांगत नसे. समोरच्या वहिनींकडे वाटी घेऊन गेलो तर त्या अवघडल्या. दिवे लागले होते, आणि दिवेलागणीनंतर दही-विरजण घराबाहेर देत नाहीत. "सकाळी या ना भाऊजी," म्हणाल्या. त्यांचं चुकलं नाही, सौ.सुद्धा देत नाही.

जिन्यात पोरगं भेटलं. रिकामी वाटी हातात बघून विचारलं, तर मी सांगितलं. ते वर पळालं आणि स्टीलच्या डब्यातून दही घेऊन आलं. पाच महिन्यांपूर्वी आमच्याच ताकाचा घोट उरला होता, तो यांनी दुधात घालून बघितला आणि तेव्हापासून तिघंही आळीपाळीने दही लावतात. मला पत्ता नाही. "काका, तुमचंच आहे," म्हणालं.

मी सौ.कडे बघितलं, दिवे लागलेत म्हणून. ती म्हणाली, "घ्या की. हे देणं कुठे आहे, परत करणं आहे."

डबा रिकामा कसा पाठवायचा? तिने आदल्या तुपाची बेरी डब्यात घातली, वर साखर भुरभुरली आणि दिला. दहा मिनिटांनी दारावर टकटक. तिघंही उभे, डबा उघडा.

"काका, हे काय जळलंय?"

मी चपला सरकवल्या, दोन गरम पोळ्या घेतल्या आणि वर गेलो.