एक्झिक्युटरपद वारशाने मिळत नाही

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करायला त्यातच नेमलेला माणूस, वारला तर त्याच्या जागी दुसरा कोर्टाकडूनच नेमून घ्यावा लागतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर 'तुम्ही लोकांना विनाकारण कोर्टाची पायरी चढायला लावता. वडिलांच्या मृत्युपत्रातले एक्झिक्युटर म्हणजे आमचे काका वारले, तेव्हा आम्ही भावंडांनी स्टॅम्पपेपरवर सह्या करून चुलतभावाला नेमलं. काहीही अडलं नाही,' असं तुम्ही लिहिलंय. रागाने लिहिलंत तरी मुद्दा मोलाचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी माझी चूक. एक्झिक्युटर प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेण्याआधी वारला की नंतर, हा फरक मी लेखात स्पष्ट करायला हवा होता. आधी वारला, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 चं कलम 232 लागू होतं. उरलेली सगळी मिळकत ज्याच्या नावे लिहिली आहे, तो मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागू शकतो. प्रोबेट मिळालं, पण निम्मं काम राहिलं, तर कलम 258 प्रमाणे उरलेल्या मिळकतीपुरता नवा प्रतिनिधी कोर्ट नेमतं. एक्झिक्युटर दोन असतील आणि एक गेला, तर दुसऱ्याकडे सगळे अधिकार राहतात, नव्या नेमणुकीची गरज पडत नाही.

पण चुलतभावाबद्दल माझं मत बदललेलं नाही. वडिलांनी विश्वास काकांवर टाकला होता, काकांच्या मुलावर नाही. कायदाही हेच मानतो. मृत्युपत्राने नेमलेल्या एक्झिक्युटरकडून प्रोबेट देताना जामीन मागत नाहीत, कारण त्याला खुद्द मरणाऱ्याने निवडलेलं असतं. कोर्टाने प्रशासनपत्र दिलेल्या माणसाला मात्र कलम 291 खाली जामीनदारासह बंधपत्र लिहून द्यावं लागतं. तुमचा चुलतभाऊ यांपैकी कुणीच नाही. उद्या त्याने फ्लॅट विकला आणि घेणाऱ्याच्या वकिलाने विचारलं, 'सही कोणत्या अधिकाराने?' तर काय दाखवणार?

माझ्या मावशीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. एक्झिक्युटर गेल्यावर एक्झिक्युटरच्याच मुलाने दोन वर्षं कारभार प्रामाणिकपणे पाहिला. घर विकायची वेळ आली आणि व्यवहार तिथेच थांबला. त्या बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता, तरी सगळ्यांची बोलणी त्यालाच खावी लागली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तुमच्या सह्या वाया गेल्या असं मात्र समजू नका. सगळ्यांची संमती असेल तर प्रशासनपत्राच्या अर्जाला विरोध होत नाही, आणि काम बरंच सोपं होतं. तीच संमती प्रतिज्ञापत्रावर घेऊन अर्जाला जोडा.

एक्झिक्युटर हयात आहे, पण काम करत नाही किंवा घोळ घालतोय, अशा वेळी कलम 301 खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. त्याला दूर करून दुसरा नेमण्याचा अधिकार त्या कलमाने उच्च न्यायालयाला दिला आहे. तुमचा प्रश्न तो नाही.

तुमच्या काकांनी प्रोबेट घेतलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतलं असेल, तर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात देणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. त्या कागदांच्या प्रमाणित नकला मिळवा. काय वाटून झालं आणि काय उरलं, हे त्यावरून कळेल, आणि नवा अर्ज तेवढ्यापुरताच करता येईल. काकूंकडे मूळ कागदपत्रं किंवा हिशेबाच्या वह्या असतील, तर त्या आधी मागून घ्या. घर आवरताना अशा वह्या रद्दीत जातात.