‘जनसुनावणी झालीच होती ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर वेदांता कंपनीसाठी काढायच्या बॉक्साइट खाणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘जनसुनावणी झालीच होती ना? लोकांना विचारूनच प्रकल्प येतात. एसीत बसून आदिवासींचे वकीलपत्र घेणाऱ्यांना दुरून डोंगर साजरेच दिसणार. बॉक्साइट काढायचे नाही, तर ॲल्युमिनियम काय आकाशातून पडणार?’

चार वाक्यं, त्यांतले दोन सरळ टोमणे. टोपणनावाआडून टोमणे मारायला काही खर्च येत नाही म्हणा. एसीचं म्हणाल तर ईआयए (प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास) अहवाल वाचून त्यांवर हरकती लिहिणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. ते किती तापमानात बसून करावं, याची अधिसूचना अजून निघालेली नाही.

आता तुमचं पहिलं वाक्य. जनसुनावणी (प्रकल्पाबद्दल लोकांच्या हरकती ऐकण्याची जाहीर बैठक) म्हणजे संमती, हा समज मुद्दाम पसरवला जातो, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेचं परिशिष्ट ४ उघडा. सुनावणी घेतं राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. निदान ३० दिवस आधी जाहिरात, एक राष्ट्रीय दैनिकात आणि एक स्थानिक भाषेतल्या. आणि गणपूर्तीची, म्हणजे किमान उपस्थितीची अट? नाही. तसं स्पष्ट लिहिलंच आहे. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली, पाच हजार आली आणि सगळ्यांनी विरोध केला तरीही झालीच. तिथे मतदान नसतं, ठराव नसतो. हरकती इतिवृत्तात जातात, कंपनी अंतिम अहवालात प्रत्येकीपुढे उत्तर लिहिते आणि कागद तज्ज्ञ समितीकडे जातो. सुनावणीपुढे ठेवलेला मसुदा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे पैसेही कंपनीच देते.

घोळ कुठे होतो, तेही सांगतो. लोकांच्या हातात पडतो तो स्थानिक भाषेतला सारांश. आकडे मूळ इंग्रजी अहवालात. पाणी आणि हवेची मोजमापं बहुतेकदा पावसाळा वगळून एका हंगामाचीच. नियमगिरीसारख्या डोंगरात माथ्यावरचा बॉक्साइटचा थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि खालच्या झऱ्यांना हळूहळू सोडतो. तिथे एका कोरड्या हंगामाची मोजणी म्हणजे अर्धं चित्र. शेवटी इतिवृत्त जागेवरच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. हे लोकांना ठाऊक नसतं, मग मंडप उठतो आणि ‘काही जणांनी रोजगाराची मागणी केली’ एवढंच कागदावर उरतं. म्हणून हरकत लेखी द्यावी, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. पुढे मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात (कारण पटलं तर आणखी ६०). तिथे तोंडी हरकत सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

संमतीचा रस्ता वेगळा आहे, तो वनहक्क कायदा, २००६ मधून जातो. पर्यावरण मंत्रालयाच्या ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवण्याआधी ग्रामसभेचा ठराव मागितला. इथे निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते. २०१३ च्या फेब्रुवारीत रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना यातून बरीच सूट मिळाली, पण खाण काही रेषा नव्हे. नियमगिरीत निर्णय लागला तो याच रस्त्याने. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि निरीक्षक म्हणून जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितला. ग्रामसभा कोणत्या गावांत घ्यायच्या, ते ओडिशा सरकारनेच ठरवलं. रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांतली ती १२ गावं. बाराही ठिकाणी नकार आला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. आता सांगा, लोकांना ‘विचारलं’ ते नेमकं केव्हा?

बरं, हा रस्ताही अरुंद होत चालला आहे. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याकडे ढकललं. आधी होकार, मग विचारपूस. तुमच्या ‘लोकांना विचारूनच’ला हे कसं जुळतं, ते तुम्हीच बघा.

ॲल्युमिनियम आकाशातून पडत नाही, एवढं मलाही कळतं. लांजीगढचा वेदांताचा कारखाना नियमगिरीच्या बॉक्साइटशिवाय चालूच आहे, माल दुसरीकडून येतो. याहून जास्त त्या वाक्याला देण्यासारखं काही नाही.

परिशिष्ट ४ मधलं कलम दाखवून मला खोडून काढलंत, तर तुमची प्रतिक्रिया सगळ्यात वर लावीन. नुसते टोमणे असतील तर इथे छापणार नाही.