कोएन्झाइम ए आणि मेंदू: चाचणी फसली म्हणून कारण खोटे ठरते का?

पँक२ या जनुकातील दोषामुळे मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आजाराचे मूळ कोएन्झाइम ए या, पेशीतील चयापचयाला लागणाऱ्या रेणूच्या उणिवेत आहे, असे मी म्हटले होते; त्यावरील आपल्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. बी५ जीवनसत्त्व जवळजवळ प्रत्येक अन्नपदार्थात असताना मेंदूला कोएन्झाइम ए कमी पडते हे पटत नाही, हा पहिला; आणि ती उणीव भरून काढण्यासाठी बनवलेले औषध चाचणीत निष्प्रभ ठरल्यावरही मी तेच कारण पुढे करतो, हा दुसरा. दुसरा अधिक वजनदार आहे, म्हणून पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो.

आहारातून बी५ची कमतरता होणे फार विरळा, हे खरेच. परंतु पेशीला बी५पासून कोएन्झाइम ए पाच टप्प्यांत घडवावे लागते आणि त्यातला पहिलाच टप्पा पँटोथेनेट कायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती असतो. माणसात या विकराचा पँक२ हा प्रकार तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियामध्ये) असतो. त्याच्या जनुकातील दोन्ही प्रती सदोष असल्या, तर आहार कितीही चांगला असला तरी मुलाचे चालणे अडखळू लागते, स्नायू पिळवटून आखडतात, बोलणे अस्पष्ट होते आणि अनेकदा दृष्टिपटलही झिजतो. या आजाराचे मूळ पँक२ जनुकात आहे, हे २००१ मध्ये दाखवले गेले.

आता चाचणीविषयी. फॉस्मेटपँटोटेनेट हे औषध पहिला टप्पा ओलांडून पुढचा पदार्थ थेट पुरवण्यासाठी तयार केले होते, आणि २४ आठवड्यांच्या चाचणीत ते घेणाऱ्या व प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ मात्रा) घेणाऱ्या रुग्णांच्या दैनंदिन हालचालींत लक्षणीय फरक दिसला नाही. हा निकाल निराशाजनक आहे आणि तो सौम्य करून सांगण्याची माझी इच्छा नाही. तथापि त्याने उत्तर दिले ते एका विशिष्ट औषधाबद्दलच्या प्रश्नाचे. वर्षानुवर्षे झिजत गेलेला मेंदूचा भाग सहा महिन्यांत सावरला नाही, एवढ्यावरून झीज कशाने सुरू झाली याचा निवाडा होत नाही.

माझा विश्वास ज्या पुराव्यावर आहे तो वेगळाच आहे. २०१४ मध्ये कोएझी या जनुकातील बिघाडामुळे होणारा आजार उघडकीस आला. हे जनुक त्याच साखळीतील शेवटचे दोन टप्पे पार पाडणारे विकर घडवते. एकाच मार्गाच्या आरंभी आणि अखेरीस, दोन निरनिराळ्या विकरांत दोष असताना दोन्ही आजारांत मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस या एकाच भागात लोह साचावे आणि हालचाली सारख्याच बिघडाव्यात, हा योगायोग मानणे मला अवघड जाते.

असे साचणारे लोह हेच आजाराचे मूळ कारण आहे का, ही आपली शंका मात्र योग्य आहे. डेफेरिप्रोन या लोह काढून टाकणाऱ्या औषधाने मेंदूतील लोह घटले, पण रुग्णांच्या प्रकृतीत त्या प्रमाणात सुधारणा सिद्ध झाली नाही. त्यामुळे लोह हे मूळ कारण नसून मागाहून येणारा परिणाम असावा, असे माझे मत आहे.

अल्झायमरच्या रुग्णांनी बी५च्या गोळ्या घ्याव्यात, असे मात्र मी सुचवलेले नाही. अल्झायमरमध्ये कमी होणारे ॲसिटाइलकोलिन हे चेतापेशींतील संदेशवाहक रसायन तयार होण्यासाठी ॲसिटाइल कोएन्झाइम ए लागते हे निश्चित. पण तेवढ्यावरून त्या आजारावरील उपचार ठरत नाही.