दूध मागाहून, आधी फाईल काढा

गोव्यात दुधाचा धंदा करायचं मनात घेतलंय? उत्तम. फक्त घाईने गाय घेऊ नका. आधी झेरॉक्स काढा.

सरकारी अनुदानावर गाय घ्यायच्या कामधेनू योजनेत जनावर राज्याबाहेरून आणायचं असतं. बरोबरच आहे. गोव्यातली गाय गोव्यातच आणून काय साधणार? आपली श्वेत कपिला काटक, डोंगर चरून संध्याकाळी आपली आपण घरी येणारी. देशाच्या यादीत स्वतंत्र जात म्हणून तिची नोंदही झाली. पण दूध देते दोन-तीन लिटर. तिच्याबरोबर फोटो काढा आणि घाटावरून जर्सी आणा. सत्तरी तालुक्यातल्या मे महिन्यात ती जीभ काढून धापा टाकू लागली की गोठ्यात पंखा लावा. कानातला बारा आकडी बिल्ला मात्र जपा. तुमचं आधार हरवलं तर एक वेळ चालेल, तिचं नको.

चाऱ्याची चिंता नको, ट्रक येतो. गाय घाटावरची, कडबा घाटावरचा, पेंड घाटावरची. शेण तेवढं अस्सल गोमंतकीय.

सकाळी उजाडायच्या आत कॅन घेऊन दूध संस्थेत जा. वाटीभर दूध मशीनला पाजतील, आकडे उमटतील: फॅट 3.2, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) 8.2. गायीच्या दुधाला 3.5 आणि 8.5 लागतं, तेव्हा दर उतरला. वाद घालू नका. आमच्या शेजारच्या काकांनी जुलैत घातला होता.

"काल 3.6 होता की रे, रातोरात गाय बदलली?"

"गाय तीच हो काका, गवत ओलं आलंय."

आता यावर काय बोलणार? पावसाळी कोवळ्या गवताने फॅट उतरतो हे खरंच. काका कॅन विसळून घरी आले.

दुधाच्या दरावर सरकार 40 टक्के आधाराची रक्कम देतं. देतं म्हणजे देतंच. कधी, हे विचारणं म्हणजे दूध काढताना गायीच्या मागे उभं राहणं. पेंडवाला तेवढा थांबत नाही, पण त्याला अर्थशास्त्र कुठे कळतं?

बाकी स्पर्धेला भिऊ नका. 1998 पासून दुधात आपला देश जगात पहिला. 2020 साली केंद्राने पशुपालनाच्या पायाभूत सोयींसाठी 15,000 कोटींचा निधी काढला, कर्जाच्या व्याजात 3 टक्के सूट. प्रकल्प दूध प्रक्रियेचा, चीजचा, पशुखाद्याचा हवा. तुमच्या दोन गायींपैकी कुठली चीज देते, तेवढं बघून ठेवा.

आणि चवथीला पायसाला दूध कमी पडलं तर नाक्यावर जा. कोल्हापूरची, बेळगावची, गुजरातची, हवी ती पिशवी मिळते. येताना गोठ्याच्या बाजूने येऊ नका. ती बघते.