मधमाशीला पाच डोळे असतात

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताईने भाच्याच्या वहीचा फोटो टाकला. पोरगा आठवीत, विषय मधमाशी. खाली लाल पेनाने शेरा: 'माहिती चांगली, पण भाषा रुक्ष. सुरुवातीला काव्यपंक्ती हवी.' दहापैकी पाच. झालं, ग्रुप पेटला. काकांनी बाईंची बाजू घेतली. माहिती काय, मोबाइलवर मिळते, शाळेने भाषा शिकवावी, असं त्यांचं म्हणणं.

मी इथे अमेरिकेत, मुलीच्या शाळेबाहेर पिकअप लाइनमध्ये गाडीत बसलो होतो. राहवलं नाही.

भाच्याचं पहिलं वाक्य होतं, 'मधमाशीला पाच डोळे असतात.' खरंच असतात, दोन मोठे संयुक्त, म्हणजे असंख्य बारीक भिंगांचे मिळून बनलेले, आणि डोक्यावर तीन साधे. बाईंनी त्याऐवजी सुचवलं होतं: 'मधमाशी ही निसर्गाने मानवाला दिलेली अमूल्य देणगी आहे.' आता यातली मधमाशी काढा, झाड घाला, नदी घाला. वाक्याचं काही बिघडत नाही. विषय बदलला तरी जे वाक्य चालतं, त्यात माहिती नसते. असली वाक्यं पाठ करून मी ती शाळेभर चिकटवली आणि मार्कही घेतले. मग सत्ताविसाव्या वर्षी इथल्या पहिल्या नोकरीत पंप बंद का पडला याचा रिपोर्ट लिहिला. पहिला परिच्छेद पाण्याच्या महत्त्वावर. मॅनेजरने तो अख्खा खोडला आणि विचारलं, 'पंप का बंद पडला, ते कुठाय?' तिसऱ्या पानावर होतं.

इथल्या बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या २०१० च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे शाळांसाठीच्या सामाईक शैक्षणिक मानकांमध्ये, मत मांडणं, माहिती देणं आणि गोष्ट सांगणं हे लेखनाचे वेगवेगळे प्रकार धरलेत, तेही अगदी किंडरगार्टनपासून. माझ्या मुलीला तर विषय आधी बारीक करायला लावतात. नुसत्या 'मधमाश्या' चालत नाहीत. 'मधमाशी फुलांचा पत्ता इतरांना कसा सांगते' हे चालतं. मग मधमाशीचा नाच येतो. सरळ वरच्या दिशेशी नाचाचा जो कोन, तोच सूर्याच्या दिशेशी फुलांचा. नाच जितका लांबतो तितकी फुलं दूर. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. भाच्याच्या वहीत हा नाचही होता, पण राणी, डंख, मध आणि नाच एकाच परिच्छेदात कोंबलेले. संयुक्त डोळा म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी एक ओळसुद्धा नाही. मार्क कापायचेच होते तर तिथे कापायचे! पण मग बाईंना तो निबंध नीट वाचावा लागला असता.

हे सगळं मी ग्रुपवर ठोकून दिलं. मुलीच्या वर्गातले सगळे लेख पाच परिच्छेदांचे असतात आणि निम्मे तरी 'तुम्हाला माहीत आहे का?' असे सुरू होतात, हे मात्र लिहिलं नाही. काव्यपंक्तीच्या जागी प्रश्न, साचा तो साचाच. आपल्याकडे बारावीच्या मराठीत अहवाल आणि माहितीपत्रक आहे, हेही सोयीने गाळलं.

ताईचं उत्तर रात्री आलं. 'एवढा आवडलाय ना निबंध, मग तुझ्या लेकीला वाचायला दे.'

लेकीला देवनागरी वाचता येत नाही.

गेल्या वर्षी, चौथीत, तिने घरातल्या भाषेवर माहितीपर लेख लिहिला होता. इंग्रजीत. रुब्रिकवर, म्हणजे मार्क देण्याच्या निकषांच्या तक्त्यावर, चारपैकी चार, अजून फ्रिजवर आहे. तो असा: मराठी भारतात बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८.३ कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. ती देवनागरी लिपीत लिहितात. माझे बाबा ती फोनवर बोलतात. विशेषण एकही नाही, चूक एकही नाही. तिच्या वयात मी 'मायमराठी' म्हणून सुरुवात केली असती आणि अमृतापर्यंत गेलो असतो.

तरी भाच्याच्या वहीचा फोटो तिला दाखवला. तिने 'म' ओळखला, मग लाल आकड्यावर बोट ठेवलं. 'हिज टीचर डिडन्ट लाइक इट?'

मी मराठीतून समजावायला लागलो. पाच डोळ्यांपर्यंत ठीक चाललं होतं. काव्यपंक्तीला अडलो आणि इंग्रजीवर आलो.