तोटी कुठली गळते, ते शाळेलाच ठाऊक

सगळ्या शाळांची खरेदी जिल्हा पातळीवर एकत्र केली तर स्वस्त पडेल, हे एका लेखातलं म्हणणं बाकांपुरतं ठीक आहे. पण समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून शाळांना मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानालाही तोच न्याय लावणं पटत नाही. हे अनुदान पटावर ठरतं. १०० ते २५० मुलांच्या शाळेला वर्षाला ५० हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. यात वरून ठरवण्यासारखं आहे काय? मुलींच्या स्वच्छतागृहातली कुठली तोटी गळते, हे जिल्ह्याला कसं कळणार!

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे तिचं कामच आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी इतिवृत्त आधीच लिहून तयार असतं, पालक सही करून घरी जातात. (मुख्याध्यापकांना तरी काय बोल लावणार? पैसे कित्येकदा वर्ष सरताना हातात येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा.) आधी पैसे जूनमध्ये द्या, खर्चाचा तपशील शाळेच्या फलकावर लावा. एकत्र खरेदीचं नंतर बघू.