गाडी राजपुत्राने दिली म्हणे

आज दुपारी रामबागेत मावसबहिणीकडे जेवायला होतो. भावजी रियाधहून सुट्टीवर आलेत. आमरसाची दुसरी वाटी संपली आणि त्यांनी मोबाइल सगळ्यांपुढे फिरवला. फोटोत काळ्या अबायातली एक बाई, हात स्टिअरिंगवर. "बघा, आमच्या राजपुत्राने बायकांना गाडी दिली. ना मोर्चा, ना घोषणा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण तर "अपने यहाँ भी ऐसा ही आदमी चाहिए, भिया" म्हणून मोकळा झाला.

मी विचारलं, भावजी, ज्यांनी गाडी मागितली होती त्या बायका त्या दिवशी कुठे होत्या? त्यांना प्रश्नच कळला नाही. ताईने मला डोळ्यांनी दटावलं आणि ताटात पुरी वाढली. इथे कोणी पुरी वाढून गप्प करणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

तुरुंगात होत्या, भावजी. सौदी अरेबियात बायकांनी गाडी चालवण्यावरची बंदी उठली 24 जून 2018 ला. त्याआधी मे महिन्यातच लुजैन अल-हथलूल, अझीझा अल-यूसुफ, इमान अल-नफजान यांना पकडून नेलं होतं. ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरणाऱ्या त्याच. लुजैन 2014 मध्ये अमिरातीतून स्वतः गाडी चालवत सौदीच्या हद्दीवर गेली, त्यापायी 73 दिवस आत राहिली. आणि "ना मोर्चा" काय? 1990 मध्ये रियाधच्या रस्त्यावर 47 बायकांनी गाड्या काढल्या होत्या. पासपोर्ट गेले, नोकऱ्यांवरून बसवलं. त्यांच्यापैकी काहींना 2018 च्या धरपकडीत पुन्हा उचललं. तिकडच्या सरकारधार्जिण्या माध्यमांनी या बायकांना गद्दार ठरवलं.

मला यात नवल वाटत नाही, कारण मी आत्याला पाहिलंय.

माझी आत्या इंदूरच्याच एका खासगी शाळेत शिकवायची. तेव्हा तिथे बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. बाईने नोकरी सोडायची, मूल जरा मोठं झालं की नव्याने अर्ज करायचा, पगार पुन्हा पहिल्या पायरीवरून. आत्याने अर्ज लिहिला, स्टाफरूममध्ये फिरून सह्या घेतल्या. पुढच्या जूनमध्ये अध्यक्षांनी सभेत जाहीर केलं की संस्था आपल्या भगिनींना तीन महिन्यांची पगारी रजा देत आहे. टाळ्या, पेढे. त्याच दिवशी नवं टाइमटेबल लागलं, त्यात आत्याचं नाव नव्हतं. पुढे शाळेतल्या बायका त्या रजेला "अध्यक्षांची रजा" म्हणायच्या!

बरं, मान्य करते, बंदी उठली हे चांगलंच झालं. 2019 मध्ये तिथे 21 वर्षांवरच्या बाईला पुरुषाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळू लागला, तेही चांगलं. फोटोतली बाई आनंदात असेल, असू दे. माझं भांडण तिच्याशी नाही. पण दरबाराला एकच भीती असते, बायकांना कळेल की मागितलं की मिळतं. मग मिळालं ते मेहेरबानीने असं दिसावं, म्हणून मागणारीला आधी नजरेआड करायचं.

"तुम्हाला तेच देश दिसतात" असं लिहायला कोणीतरी बोटं मोडत बसलं असेल. चीन घ्या. 2012 मध्ये बीजिंगच्या रस्त्यावर काही तरुणी रक्ताचे डाग रंगवलेले लग्नाचे पांढरे पोशाख घालून उभ्या राहिल्या, नवऱ्याची मारहाण थांबवा म्हणून. त्यांच्यातल्या दोघी मार्च 2015 मध्ये पकडलेल्या पाचजणींत होत्या. गुन्हा? महिला दिनाला बस-मेट्रोतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायचं ठरवलं होतं. स्टिकर! 37 दिवस कोठडीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा मंजूर केला. पेढे वाटले की नाही ठाऊक नाही.

आणि हो, आपल्याकडेही सगळं आलबेल नाही. हॉस्टेलवर मुलींना संध्याकाळीच कोंडतात त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या नताशा नरवाल आणि देवांगना कलिता 2020 च्या दिल्ली दंगलीच्या प्रकरणात वर्षभर तिहारमध्ये होत्या, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली. तो खटला वेगळा आहे, न्यायालय बघेल. जून 2021 मध्ये जामीन देताना दिल्ली हायकोर्टाने मात्र बजावलं होतं की आंदोलन करणं म्हणजे दहशतवाद नव्हे. यावर वाद घालायचा तर घाला, आज माझ्यात त्राण नाही.

इराणचं सरकार तर बायकांना काही दिल्याचं नाटकही करत नाही. बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नर्गिस मोहम्मदींना 2023 चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या. शिक्षांची बेरीज 31 वर्षं आणि 154 फटके. ओस्लोला त्यांची जुळी मुलं गेली, आईचं भाषण त्यांनी वाचलं, मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवली होती. कितीतरी वर्षं त्या मुलांनी आईला पाहिलं नव्हतं. हे लिहिताना भावजींवरचा राग जरा उतरलाय. त्यांना कोणी सांगितलंच नसेल. त्यांच्या ऑफिसात या विषयावर चहा होत नसणार.

आत्याला आणखी एक संधी दिली होती, ते सांगायचं राहिलं. "माझी चूक झाली, मी सहकाऱ्यांना भडकवलं" एवढं लिहून दे आणि उद्यापासून ये. आजोबांनी स्वतः कागद-पेन पुढे ठेवलं. आत्या म्हणाली, माझी चूक काय ती आधी सांगा. मग आयुष्यभर शिकवण्या घेतल्या घरी, लोकमान्य नगरात. ज्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या त्या बायका समोर दिसली की रस्ता बदलायच्या. त्यांच्याही घरी चुली होत्या, मला कळतं. तरी राग येतो.

लुजैनपुढेही असाच कागद होता. घरच्यांनी 2019 मध्ये सांगितलं की कोठडीत छळ झालाच नाही असं व्हिडिओवर बोल, सोडतो, अशी बोली होती. (छळ झालाच नाही, असंच तिथलं सरकार म्हणतं.) तिने नकार दिला. डिसेंबर 2020 मध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली पाच वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली, त्यातली निम्मी स्थगित. फेब्रुवारी 2021 मध्ये सुटली, पण देशाबाहेर जायला बंदी.

ही पोस्ट टाकण्याआधी आत्याला फोन केला, तुझ्याबद्दल लिहू का विचारायला. म्हणाली, "लिही, पण शाळेचं नाव नको, आपली सोनाली तिथेच शिकवते आता." मग म्हणाली, "ती गाडीवाली मुलगी आता काय करते गं?" मी सांगितलं, बंदीची मुदत 2023 मध्ये संपली तरी तिला देश सोडू दिला नाही असं घरचे सांगत होते.

आत्या म्हणाली, "म्हणजे अजून सही मागतायत."